दुसऱ्या ऑर्डरची वही

ओसाका शहराच्या नानिवा भागात इमामिया एबिसु नावाचं देऊळ आहे. दरवर्षी ९ ते ११ जानेवारी असे तीन दिवस तिथे व्यापाऱ्यांची जत्रा भरते. ‘तोका एबिसु’ हे तिचं नाव, मुख्य दिवस १० तारखेचा. तीन दिवसांत दहा लाखांच्या घरात माणसं येतात. त्यांत मोठ्या कंपन्यांचे साहेब असतात, तशी ताकोयाकी या खाद्यपदार्थाची गाडी लावणारी माणसंही असतात. देवळात बांबूची हिरवी डहाळी फुकट मिळते. तिच्यावर बांधायची सोनेरी नाणी, तांदळाची पोती, मासा, पैशांची पिशवी ही लुटुपुटीची दौलत मात्र रोख मोजून घ्यावी लागते. (व्यापाऱ्यांच्या देवाकडून याहून वेगळी अपेक्षा कशाला ठेवा!) जपानच्या सात भाग्यदेवतांमध्ये आपली सरस्वती आहे, महाकाळ आहे, कुबेरही आहे, तिघेही बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचले. तरी गिऱ्हाइकासाठी नवस बोलायची वेळ आली की ओसाकाकर कुबेराला बाजूला ठेवून खांद्यावर गळ टाकलेल्या एबिसु या अस्सल जपानी कोळीदेवाकडेच जातात. देव कानाने जरा कमी, अशी समजूत आहे. त्यामुळे पुढून हात जोडून झाले की लोक देवळाच्या मागच्या बाजूला जातात आणि तिथे ठोकून आपण येऊन गेल्याची आठवण करून देतात.

त्याच आठवड्यात आपल्याकडे संक्रांत येते. पुण्या-मुंबईपासून नागपूर-बेळगावपर्यंत हजारो घरांत गुळाच्या पोळ्या लाटल्या जातात, तिळाच्या वड्या थापल्या जातात, हलव्याचे दागिने ओवले जातात, आणि त्यांतला बराच माल थेट घरातून घरात विकला जातो. मध्ये दुकान नाही, दलाल नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस पडतं, ‘ताई, दोन डझन ठेवा माझ्यासाठी’ असा निरोप येतो, पैसे यूपीआयने. या बायकांना हल्ली एक सल्ला उठता-बसता मिळतो: स्वतःची वेबसाइट काढा, म्हणजे ऑर्डरी आपोआप येतील. सल्ला देणारा बहुतेक वेळा वेबसाइट बनवून देण्याच्या धंद्यातला असतो. सल्ला चुकीचा नाही, त्यातला ‘आपोआप’ चुकीचा आहे. स्वतःची वेबसाइट पहिली ऑर्डर क्वचितच आणते. ती दुसरी आणते, तिसरी आणते, आणि धंदा उभा राहतो तो त्या दुसरी-तिसरीवर. थेट विक्रीत ज्या शहराने शतकं काढली, त्या ओसाकाकडे पाहिलं की हे नीट कळतं.

पहिली ऑर्डर कशी येते त्याची गोष्ट ओसाकातच घडली आहे. १९२३ साली कोनोसुके मात्सुशिता या तरुण कारखानदाराने सायकलसाठी बॅटरीवर चालणारा दिवा बनवला. त्यांचा कारखाना म्हणजे पुढे पॅनासोनिक झालेली कंपनी. त्या काळी सायकलला मेणबत्तीचा नाहीतर तेलाचा दिवा असायचा, वाऱ्याने विझायचा. बॅटरीचे दिवे बाजारात होते, पण दोन-तीन तासांत मान टाकायचे. मात्सुशितांचा दिवा ३० तासांहून जास्त जळायचा. घाऊक व्यापाऱ्यांनी ऐकूनच हात झटकले, कारण बॅटरीच्या दिव्याचं नाव आधीच खराब झालेलं होतं. मग मात्सुशितांनी माणसं नेमून ओसाकातली सायकलची दुकानंच गाठली. प्रत्येक ठिकाणी काही दिवे ठेवायचे, त्यांतला एक पेटवून द्यायचा आणि निघायचं. किती वेळ चालतो ते तुमच्या डोळ्यांनी बघा, पटलं आणि खपलं तर पैसे द्या. दिवे जळत राहिले आणि दुकानदार स्वतःहून माल मागू लागले. जाहिरातीचा मजकूर कितीही सुंदर असता, तरी ते काम त्या पेटत्या दिव्यानेच झालं असतं. गुळपोळीचंही तसंच. पहिली पोळी कुणाच्या तरी डब्यातून ऑफिसात जाते, चौघं चव घेतात, आणि ‘कुठून मागवलीस?’ हा प्रश्न येतो. इथून पुढे वेबसाइटचं काम सुरू होतं.

पुढचं काम कसं करायचं ते जपानला तोयामाच्या औषधविक्यांनी शिकवलं. तोयामा हा ओसाकापासून बराच लांबचा, समुद्राकाठचा मुलूख. पण या विक्यांच्या औषधांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर ओसाकातल्या दोशोमाची या औषधपेठेतून जायचा. ताकेदा ही आजची बलाढ्य औषध कंपनी १७८१ साली सुरू झाली ती याच पेठेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हे विके पाठीवर पेट्या बांधून गावोगाव फिरू लागले. पद्धत अशी: घरात औषधांची एक पेटी ठेवून जायचं, पैसे घ्यायचे नाहीत. पुढच्या फेरीला, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, यायचं; जेवढं वापरलं तेवढ्याचे पैसे घ्यायचे, संपलेलं भरायचं. आपल्याकडच्या ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीच्या बरोबर उलट. पोरांसाठी कागदी फुगे न्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी विक्या दिसला की पोरंच दारात धावत यायची.

हे उधारीचं गणित जमत होतं ते एका वहीमुळे. तिला ‘काकेबा-चो’ म्हणत. त्यात घरोघरची नोंद असे: घरात कोण कोण आहे, मागच्या फेरीला कुठलं औषध किती ठेवलं, किती संपलं, पैसे किती आले. कुठल्या घरात पोटदुखीची पुडी दर वर्षी संपते आणि कुठल्या घरात तापाची, हे विक्याला पाहुण्यांपेक्षा जास्त ठाऊक. या वह्यांची किंमत इतकी होती की त्या विकल्या जायच्या. म्हातारा झालेला विक्या आपला मुलूख वहीसकट दुसऱ्याला देऊन पैसे घेई. म्हणजे मालमत्ता पेटीतल्या औषधांत नव्हती, वहीत होती.

आपल्याकडेही ही वही होती, फक्त ती डोक्यात असायची. दारावर बांगड्या भरायला येणाऱ्या कासाराला वाड्यातल्या प्रत्येक सासुरवाशिणीच्या हाताचं माप पाठ असे. कुणाला हिरव्याच लागतात आणि कुणाच्या घरी डोहाळजेवण आहे, हेही. दारोदार फिरून मोठ्या झालेल्या मराठी उद्योगाचं उदाहरण हवं तर ‘विको’चं घ्या. केशव पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला दंतमंजन बनवायला सुरुवात केली आणि सुरुवातीच्या काळात ते घरोघरी जाऊन विकलं. पण कासाराच्या डोक्यातली वही कासाराबरोबर गेली. तोयामाच्या विक्याने ती कागदावर उतरवली म्हणून ती मुलाला मिळाली, नाहीतर विकता आली.

स्वतःची वेबसाइट म्हणजे, नीट वापरली तर, ही वही आणि ती फेरी यांचं एकत्र रूप. हे पाहायचं तर ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साकाई शहरातल्या सुऱ्या पाहाव्यात. जपानी बल्लवाचार्य वापरतात त्या सुऱ्यांमध्ये साकाईचा वाटा फार मोठा. एक सुरी इथे तीन हातांतून जाते: लोहार पातं ठोकतो, दुसरा कारागीर धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. पूर्वी या तिघांच्याही वर घाऊक व्यापारी असे. सुरीवर ठसा त्याचा आणि गिऱ्हाईकही त्याचंच. लोहाराला आपली सुरी कुठल्या स्वयंपाकघरात गेली याचा पत्ता नसे. आता साकाईच्या कित्येक लहान कारखान्यांनी स्वतःची पानं उघडली आहेत आणि कुठल्याही देशातला स्वयंपाकी थेट तिथून सुरी मागवतो.

अशा पानावर ऑर्डर द्यायला बसलं की काय काय विचारतात ते पाहण्यासारखं आहे. तुम्ही उजव्या हाताने चिरता की डाव्या? कच्च्या माशासाठीच्या लांब सुरीला धार एकाच बाजूने असते, त्यामुळे डावखुऱ्याची सुरी वेगळी बनवावी लागते आणि ती बरीच महाग पडते. पातं कार्बन पोलादाचं हवं की स्टेनलेस? कार्बनची धार सरस, पण काम झाल्याबरोबर पुसून कोरडी केली नाही तर गंज धरणार, हे तिथेच स्पष्ट सांगितलेलं असतं. पात्यावर नाव कोरून हवं का, असेल तर कसं लिहू? आणि शेवटी, धार गेली की सुरी आमच्याकडे पाठवा, लावून देऊ. त्या एका ओळीत पुढचा सगळा व्यवहार आहे. सुरी आयुष्यात दोन-तीनदाच घेतली जाते, धार मात्र पुन्हा पुन्हा लावावी लागते. चांगला दुकानदार समोर उभं राहून जे प्रश्न विचारेल, तेच प्रश्न पानावर आले आहेत. आपल्या घरगुती विक्रेत्यांच्या बहुतेक वेबसाइटींवर काय असतं? घोषवाक्य, एक हसतं कुटुंब (बहुधा परदेशी), ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’, आणि खाली एक फोन नंबर. गुळपोळी किती दिवस टिकते, प्रवासात तुटली तर काय, संक्रांतीसाठी शेवटची ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या पिनकोडला कुरिअर जात नाही, ही माणसाला हवी असलेली माहिती विचारायला पुन्हा फोनच करावा लागतो. मग ती वेबसाइट कशासाठी?

तांत्रिक अडचण आता फारशी उरलेली नाही. जपानमध्ये राकुतेन हा मोठा ऑनलाइन बाजार १ मे १९९७ रोजी अवघ्या १३ दुकानांवर उघडला. पुढे तो एवढा वाढला की लहान माणसाला तिथे दुकान थाटणं झेपेना. युता त्सुरुओका या तरुणाच्या आईचं ओइता प्रांतात कपड्यांचं छोटं दुकान होतं. तिला नेटवर विकायचं होतं, पण मोठ्या बाजारांची यंत्रणा तिच्या आवाक्याबाहेरची होती. तिच्यासारख्यांसाठी म्हणून त्याने २०१२ साली ‘बेस’ ही सेवा काढली. कुणीही थोड्या वेळात स्वतःचं दुकान उघडावं. आपल्याकडेही डोमेनला वर्षाकाठी हजारभर रुपये आणि एका तयार साच्यावर चार संध्याकाळी एवढ्यात काम होतं. हा पैसा अडचणीचा नाही. नंतरची वर्षं अडचणीची असतात, कारण पान उघडून विसरून जाणारे जास्त. गेल्या दिवाळीचे भाव यंदाच्या संक्रांतीला दिसणारं पान गिऱ्हाईक परत उघडत नाही.

जपानी पानांच्या तळाशी आणखी एक गोष्ट असते, आणि ती आपल्याकडे यायला हवी असं आम्हाला फार वाटतं. दारावर येऊन गळी पडणाऱ्या विक्रेत्यांना आळा घालण्यासाठी जपानने १९७६ साली कायदा केला. २००० साली तो दुरुस्त झाला, नाव बदललं, आणि आज टपालाने व नेटवर होणारी विक्रीही त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे अगदी घरी बसून हातमोजे विणून विकणाऱ्या बाईच्या पानावरही एक साधा तक्ता असतो: विकणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, किंमत, टपालखर्च, पैसे कधी द्यायचे, माल कधी मिळेल, परत करायचा असेल तर कसा. परतीची अट लिहिली नसेल तर माल मिळाल्यापासून ८ दिवसांत गिऱ्हाईक तो परत करू शकतं. दारावरच्या विक्रीला ८ दिवसांची आणि एकाखाली एक सदस्य जोडत जाणाऱ्या साखळी विक्रीला २० दिवसांची मोकळीक आहे. सही केली तरी त्या मुदतीत मन बदलता येतं. जून २०२२पासून तर ऑर्डर पक्की करण्याआधीच्या शेवटच्या पडद्यावर किती नग, एकूण किती पैसे, रद्द कसं करायचं, हे सगळं एकत्र दाखवावं लागतं.

हा तक्ता दिसायला रूक्ष. पण पत्ता लिहिणाऱ्या माणसाकडून वस्तू घेताना हात आखडत नाही. अर्थात याला दुसरी बाजू आहे आणि ती लहान नाही. एकट्या राहणाऱ्या, घरूनच धंदा करणाऱ्या बाईने आपला राहता पत्ता जगासमोर टांगावा, ही मागणी धोक्याचीच. जपानमध्ये यावर बरीच ओरड झाली आणि आता काही अटींवर दुकान ज्या सेवेवर उघडलं असेल तिचा पत्ता लावण्याची सोय आहे. आपल्याकडेही २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारा माणूस जाहीर करायला सांगितलं आहे. निदान नाव, गाव, अन्नपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक आणि तक्रारीला उत्तर देणारा एक नंबर, एवढं तर कुणीही लिहावं. ‘नंबरसाठी इनबॉक्स करा’ ही धंद्याची भाषा नव्हे.

थेट विक्री म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गुळपोळीआधी दुसरंच काही येतं, याची आम्हाला कल्पना आहे. दूरचा कुणी भाचा अचानक गोड बोलत घरी येतो, चहा होतो, आणि मग वहीच्या पानावर गोल काढायला लागतो: हे तुम्ही, तुमच्याखाली हे दोघे, त्यांच्याखाली चौघे. जपानही यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने ॲमवेच्या जपानी शाखेला सहा महिने नवे सदस्य जमवण्यापासून रोखलं. कंपनीचं नाव आणि भेटीचा खरा हेतू आधी न सांगता लोकांना गाठलं जात होतं, हे त्यामागचं एक कारण. भारतातही डिसेंबर २०२१मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली आणि विक्रेत्याने ओळखपत्र व आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, असं बजावलं. अशा कंपन्या आपल्या विक्रेत्यांना ‘तुमची स्वतःची वेबसाइट’ म्हणून एक पान देतात. वर विक्रेत्याचा फोटो, खाली सगळं कंपनीचं. त्या पानावर आलेलं गिऱ्हाईक कंपनीच्या यादीत जमा होतं. विक्रेत्याने कंपनी सोडली की पान बंद, आणि वर्षानुवर्षं जोडलेली माणसं त्याच्याबरोबर जात नाहीत. त्याला वेबसाइट म्हणा, स्वतःची म्हणू नका.

मोठी कंपनी आणि दारावरचा माणूस यांची सांगड नीट घालता येते, हे याकुल्ट या जपानी पेय कंपनीने दाखवलं आहे. १९६३पासून त्यांच्या ‘याकुल्ट लेडी’ घरोघर, ऑफिसांत बाटल्या पोचवतात. आता त्यांच्या वेबसाइटवर ऑर्डर देता येते आणि माल घेऊन त्याच भागातली बाई आठवड्यातून एकदा येते. नेटने तिची फेरी मोडली नाही, उलट तिच्या फेरीत घरं वाढवली. याच्या उलट टपरवेअर. घरी मैत्रिणी जमवून डबे विकण्याची ती पद्धत अमेरिकेत १९५०च्या दशकात बहरली आणि आपल्याकडच्या सोसायट्यांतही रुळली. पण माणसं एकमेकांच्या घरी जमेनाशी झाली तरी कंपनी बराच काळ त्याच पद्धतीला धरून बसली. सप्टेंबर २०२४मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

वेबसाइटमुळे सगळं जग गिऱ्हाईक होतं, हा भ्रम मात्र ओसाकात राहणाऱ्या मराठी घरांना विचारून लगेच दूर होतो. देवगडच्या बागायतदाराचं पान ओसाकात उघडतं, पेटीचा भाव दिसतो. पेटी येत नाही. भारतीय आंब्यावर जपानने १९८६पासून वीस वर्षं बंदी घातली होती. २००६ साली ती उठली ती फळमाशी मारण्यासाठी आंब्यावर वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. घरी केलेल्या चकल्या तिकडच्या शेजाऱ्यांना विकायच्या म्हटलं, तर तिथल्या नियमांप्रमाणे आरोग्य केंद्राचा परवाना लागतो आणि राहत्या घरापासून वेगळं स्वयंपाकघर लागतं. म्हणून घरगुती विक्रेत्याने जगाच्या नकाशापेक्षा आपल्या कुरिअरवाल्याचा नकाशा आधी पाहिलेला बरा. कोथरूडच्या बाईला डोंबिवलीहून दर संक्रांतीला येणाऱ्या चाळीस ऑर्डरी, ओसाकाहून एकदा आलेल्या कौतुकाच्या निरोपापेक्षा मोलाच्या.

आणि त्या चाळीस जणांची यादी कुणाकडे आहे? आज ती बहुतेकींच्या बाबतीत फोनमध्ये आहे, गप्पांमध्ये विखुरलेली. इन्स्टाग्रामचं खातं एके दिवशी कुणीतरी हॅक करतं किंवा कंपनीच बंद करते. दाद मागायला खिडकी सापडत नाही आणि पाच वर्षांची गिऱ्हाइकं एका रात्रीत अनोळखी होतात. फोन बदलताना बॅकअप राहिला, तरी तेच. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकलं तर गिऱ्हाइकाचा नंबरही हाती लागत नाही. स्वतःच्या पानावरून आलेली ऑर्डर मात्र एका तक्त्यात बसते: नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, काय तक्रार केली. तो तक्ता महिन्यातून एकदा उतरवून ठेवला की काकेबा-चो तयार. मात्र गिऱ्हाइकाने पोळीसाठी दिलेला नंबर पोळीसाठीच वापरायचा. रोज सकाळी सुविचार धाडणाऱ्या विक्रेतीला लोक संक्रांतीआधीच ब्लॉक करतात.

हलव्याचे दागिने करणाऱ्या बायकांना ही वही सगळ्यांत जास्त कामाची. वरवर पाहता त्यांच्या धंद्यात दुसरी ऑर्डर नाहीच. नव्या सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. काळी साडी, हार, बाजूबंद, मुकुट, फोटो, झालं. पण त्याच घरात वर्षा-दोन वर्षांनी बोरन्हाण निघतं, तेव्हा बाळासाठी छोटा हार, वाळे, बासरी नाहीतर मुकुट लागतो. शिवाय धाकट्या दिराचं लग्न असतं, नणंदेचं पहिलं वर्ष असतं. २०२४च्या यादीत ज्यांची नावं आहेत, त्यांच्यापैकी किती घरांत यंदा बोरन्हाण असेल याचा अंदाज यादी असलेलीलाच बांधता येतो. फक्त ‘बाळ झालं का?’ असं विचारायला जाऊ नये. तो प्रश्न विचारणारे घरात आधीच पुष्कळ असतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक निरोप पुरे: यंदाचे दागिने पानावर लावले आहेत, बोरन्हाणाचे संच वेगळे आहेत, ५ जानेवारीनंतर ऑर्डर घेता येणार नाही.